जोडीतलं दुसरं टेबल

सोफ्याच्या दोन्ही बाजूंना दोन साइड टेबलं हवीत आणि ती जुनी हवीत, असं सुनेने ठरवलं, तेव्हा सासूला त्यात काही वावगं वाटलं नाही. सोफा त्यांचा, हॉल त्यांचा, हौसही त्यांचीच. जुन्या वस्तूंचं आईला जास्त कळतं म्हणून मुलगा तिलाही दुकानं पालथी घालायला सोबत घेऊन गेला.

तिला अख्खी गल्ली टाचणीकाकू म्हणायची. शिवताना तोंडात टाचण्या धरून धरून तिचं बोलणंही तसंच टोचरं झालं होतं. एका दुकानदाराने शिसवी टेबलावर हात फिरवत ते शंभर वर्षांचं आहे असं सांगितलं, तर ही म्हणाली की माझ्यापेक्षा म्हातारं आहे आणि गुडघे बघा कसे धड आहेत. सून हसली. त्या दिवशी सगळ्यांचं बरं चाललं होतं.

एका दुकानात मागच्या कोपऱ्यात सुनेला हवं ते सापडलं. शिवणाच्या पायमशीनचा लोखंडी सांगाडा, वेलबुट्टीचा, काळाभोर रंगवलेला. वर मशीनच्या जागी पांढरी संगमरवरी फरशी, तिच्यावर एक दिवा. खाली पायाची जाळी आणि बाजूचं चाक तसंच ठेवलेलं. सून खुर्चीत बसली, जाळीवर पाय ठेवून तिने चाक फिरवून पाहिलं आणि लहान मुलीसारखी खूश झाली.

"वरची मशीन कुठे गेली?" टाचणीकाकूने विचारलं.

"भंगारात, मावशी," दुकानदार म्हणाला. "आता कोण शिवतंय घरी?"

मेलेल्या माणसाच्या अंगावर दुसऱ्याचे कपडे पाहावेत तसं तिला झालं. पण पैसे त्यांचे, निवड त्यांची. सुनेला एकच हळहळ होती, की असं एकच होतं. जोडी हवी होती. दुकानदार म्हणाला, या नक्षीचं दुसरं मिळणं कठीण. मुलगा त्याला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी बोलत होता. तिला वाटलं, भाव करतोय.

आता तिच्या मशीनचं सांगायला हवं. तिच्या खोलीत खिडकीशी तिची पायमशीन होती, तशाच वेलबुट्टीची, पण ती शोभेची नव्हती. दुकानातले कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत अशी माणसं तिच्याकडे यायची. पाठीला पोक आलेली बाई, एक हात कोपरापर्यंतच असलेला छापखान्यातला माणूस, पोटावर ऑपरेशनची पिशवी बांधून हिंडणाऱ्या मास्तरीणबाई. त्यांचं माप टेपने घेऊन भागत नाही. त्यांना चालताना, बसताना, वाकताना बघावं लागतं. सध्या मशीनवर समोरच्या इमारतीतल्या लिफ्टमनचा कोट होता. त्याचा एक खांदा चांगला चार बोटं खाली. कोट अंगात घातला की दोन्ही खांदे सारखे दिसावेत, एवढीच त्याची मागणी, आणि तीही त्याने जमिनीकडे बघत केली होती.

तिचे हात आता कापत. पाय मात्र कापत नव्हता. पायाने चाल धरली की हातांना धीर यायचा. मुलाने मागे एकदा विजेची मशीन आणून दिली होती. ती सुटायची बिनलगामाच्या घोड्यासारखी, आणि हिच्या बोटांत सुई. ती तिने परत करायला लावली. आता कशाला शिवतेस, आम्ही काय कमी करतो तुला, असं मुलगा म्हणाला, तेव्हा तिने उत्तर दिलं होतं की तू कमी करत नाहीस, पण मी कमी होते.

तेवढ्यात धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. कोट अर्धा मशीनवर सोडून ही बहिणीकडे गेली.

परतली ती आठ दिवसांनी, संध्याकाळच्या तोंडावर. दार सुनेने उघडलं, चेहरा फुललेला. थोड्याच वेळात मुलाचे साहेब बायकोसह यायचे होते. फुलदाण्या भरलेल्या, पडदे नवे. आणि सोफ्याच्या दोन्ही बाजूंना दोन टेबलं, एकाच नक्षीची.

तिने पिशवी खाली ठेवली. खोलीत गेली. खिडकीशी लादीवर चार पायांच्या चार खुणा तेवढ्या होत्या. मशीनचं वरचं हेड आणि लाकडी फळी दाराआड जुन्या चादरीत बांधून ठेवलेली, त्यावर घडी करून लिफ्टमनचा कोट. सुई मोडली होती.

ती हॉलमध्ये आली. मुलगा हसत उभा होता. त्याला वाटत होतं आई डोळे पुसेल. त्याने सांगितलं, तुझी मशीन अडगळीत पडल्यासारखी होती, आता हॉलमध्ये मानाने राहील. जाळी हलू नये म्हणून वेल्डिंग करून पक्की केली. चाकही वाया घालवलं नाही, बघ. तिने भिंतीकडे पाहिलं. तिच्या मशीनचं चाक भिंतीवर होतं आणि त्याच्या मधोमध घड्याळ बसवलेलं होतं.

"मला विचारलं कोणी?" ती म्हणाली.

"सरप्राइज होतं, आई."

"चोरीला सरप्राइज म्हणतात हे मला माहीत नव्हतं."

मुलाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. तो म्हणाला की लोक आपल्या आईची वस्तू जपून ठेवतात तशी ठेवली आणि तरी ऐकून घ्यावं लागतंय. सून मध्ये पडली, म्हणाली, आई, तुमच्या आठवणीसाठीच ना.

"आठवण कोणाची काढतात ते ठाऊक आहे ना तुला, सूनबाई? मी तर आत्ताच दारातून चालत आले."

तिच्या अंगाचा नुसता जाळ होत होता. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडल्यावर तिला पाणी देतील, बसवतील, रक्तदाबाची गोळी शोधतील, आणि टेबल जिथल्या तिथे राहील, हे ती जाणून होती. इतकी वर्षं असंच होत आलं होतं. ती चिडायची, घर तिला निजवायचं.

तिने खोलीतून पेचकस आणला. तिच्या मशीनच्या जाळीला पायाच्या बोटांनी दाबून पाहिलं. दगड. ती वळली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली. त्याची जाळी तिने दाबली, तशी ती हलली आणि चाक फिरलं. तिने दिवा उचलून जमिनीवर ठेवला, कपांखाली ठेवायचे चार कोस्टर सुनेच्या हातात दिले, आणि पदर खोचून टेबलाखाली शिरली.

"आई, ते विकत आणलंय," मुलगा म्हणाला.

"आणि माझं काय रस्त्यात पडलं होतं?" खालून आवाज आला.

सून रडकुंडीला आली. म्हणाली, ते येतीलच आता, निदान उद्या करा, जोडी मोडते. टेबलाखालून पहिला स्क्रू घरंगळत बाहेर आला. मुलगा वाकून विनवत होता, बजावत होता, शेवटी म्हणाला, लोक काय म्हणतील. तिने सांगितलं, जे म्हणायचं ते वाकून म्हणू दे, मी इथेच आहे. आणि घंटी वाजली.

साहेब आणि त्यांच्या बाई आत आले, तेव्हा टेबलाखालून दोन पाय बाहेर होते. सून म्हणाली की आईंना जरा बरं नाही.

"मला काही झालेलं नाही," पायांनी सांगितलं. "माझी मशीन मोडलीये यांनी. ही दुसरी मी घेतेय. शेवटचा स्क्रू आहे, कोणीतरी फरशी धरा, नाहीतर डोक्यात पडेल."

मुलगा दातओठ खात उभा राहिला. साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि दोन्ही हातांनी फरशी धरली. त्यांच्या बाईंनी पुढे होऊन दुसरी बाजू धरली. फरशी सोफ्याला टेकवून ठेवली, आणि पाहुण्यांच्या देखत, एका बाजूने साहेब आणि दुसऱ्या बाजूने नाइलाजाने मुलगा, असा तो सांगाडा खिडकीशी जाऊन पोचला. तिने कोणाचे आभार मानले नाहीत. दार लावून घेतलं.

बाहेर बशा वाजू लागल्या, बोलणं अडखळत सुरू झालं. तिने फळी बसवली, हेड चढवलं, खणातला पट्टा काढून चाकावर घातला, नवी सुई लावली. तेल दिलं. लिफ्टमनचा कोट घेऊन बसली आणि जाळीवर पाय ठेवला, तर पाय बसेना. जाळी डाव्या कडेला चकचकीत झिजलेली होती. कोणी तरी डाव्या पायाची बाई या जाळीवर उभा जन्म शिवत बसली होती, आणि हिचा पाय उजवा. पहिला टाका वाकडा गेला. तिने तो उसवला. दुसराही वाकडा गेला. तिला त्या दुकानदाराचा राग आला, मुलाचा आला, सुनेचा आला, आणि ज्या घराने त्या बाईची मशीन भंगारात घातली त्या न पाहिलेल्या घराचा तर इतका आला की कानशिलं तापली.

मग तिने चप्पल काढली, खुर्ची थोडी डावीकडे सरकवली आणि डावा पाय जाळीवर ठेवला. आयुष्यात तिने डाव्या पायाने कधी शिवलं नव्हतं. मशीन खडखडत, अडखळत चालू लागली. हॉलमधलं बोलणं थांबलं. दाराबाहेरून मुलाने हलक्या आवाजात हाक मारली.

तिने चार टाचण्या तोंडात धरल्या आणि कोटाचा पडका खांदा सुईखाली घेतला.