न आलेलं रीळ

ओली चादर पिळताना तिच्या मनगटांवरून जो उजेड ओघळे, तो पुढे कोणत्याच पडद्यावर मला दिसला नाही. तिचं हसू म्हणजे श्रावणातलं ऊन, आलं म्हणेतो गेलेलं. लुचिया तिचं नाव. इटलीतल्या कुठल्याशा बंदरावरच्या मासेवाल्याची ही मुलगी महायुद्धानंतरच्या पडझडीत परटिणीची भूमिका करून सिनेमात आली, आणि पुढे भरजरी झग्यांतही तिच्या चालण्यातला तो कष्टाचा, निःसंकोच डौल कधी हरवला नाही. आम्हां बऱ्हाणपूरकरांना ती अगदी आपली वाटे.

ती पडद्यावरून आमच्याकडे आली तेव्हा संस्थानं विलीन होत होती, खेडोपाडी शाळा उघडत होत्या आणि देशभर फिरून झिजलेली रिळं शनवारा वेशीजवळच्या आमच्या टॉकीजला सगळ्यांत शेवटी पोचत होती. परभाषेतला सिनेमा असला की बायकांच्या बाजूला कुणीतरी शिकलेली बाई मोठ्यानं गोष्ट सांगे, अशी रीत होती. ते काम विमलआत्याचं. इटालियन तिला तरी कुठं येत होतं म्हणा. पण लुचियाच्या मुद्रेवरची प्रत्येक छटा ती अशी उचले की तिचं मराठी लुचियाच्याच ओठांतून आल्यासारखं वाटे.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तुकईथडच्या नव्या शाळेत तिला मास्तरणीची जागा मिळाली होती, आणि एकटी बाई परगावी राहायची नाही, असं बाबांनी साफ सांगितलं होतं. आईनं शब्द टाकला असता तर त्यांनी ऐकलं असतं. पण आई मिठाची गुळणी धरून बसली होती. त्या दुपारी टॉकीजमध्ये ती आत्याला लागूनच बसली होती, मी तिच्या मांडीवर.

पडद्यावर लुचियानं डोक्यावर गाठोडं घेतलं, दारातल्या भावाकडे एकदा पाहिलं आणि पांढऱ्या धुळीच्या वाटेनं ती चालू लागली. तिची नुसती पाठ बोलत होती. तेवढ्यात पडदा कोरा झाला. शेवटचं रीळ खांडव्याहून आलंच नव्हतं.

“मंग? परत कधी येते ती?” मागून एका बाईनं विचारलं.

आत्यानं कोऱ्या पडद्याकडे पाहिलं. “परत नाही येत, माय. तिकडंच राहते. आपल्या कमाईचं खाते.”

“अन् भाऊ?” हे आईनं विचारलं.

“रडतो थोडा, वहिनी. मग जातो तिला भेटायला.”

परतताना टांग्यात आई आत्याकडे वळली. मग म्हणाली, “तुकईथडची मोटार सकाळी असते ना? मी बोलते यांच्याशी.” आत्यानं पदर तोंडाला लावला. ती गेली, आणि निवृत्त होईस्तोवर तिकडंच शिकवत राहिली. बाबा थोडे रडले, मग तिला भेटायला गेले.

लुचियानं उतारवयात केस न रंगवता आईच्या भूमिका केल्या, त्याही राणीच्या रुबाबात. ती गेली तेव्हा आमच्या पेपरात चार ओळी आल्या. म्हातारपणी मी तो सिनेमा अखंड पाहिला. शेवटच्या रिळात ती परत येते, भावाच्या दारात गाठोडं उतरवते, मुकाट चूल पेटवते. काम अप्रतिम करते, पण मला भारी राग आला.

आत्या नाही, आई नाही, ते टॉकीजही नाही. काळ सगळी रिळं गुंडाळून नेतो. त्या न आलेल्या रिळातली लुचिया मात्र पाठ फिरवून अजून चालतेच आहे, आणि तिच्या डोक्यावरचं गाठोडं मला आत्याचं दिसतं.