शेवटच्या खळग्यातलं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे पाणीवाली म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही तक्रारही नव्हती. विषाणूची जनुकं वाचायची, कुठलं रूप कुठून कुठे गेलं याची वंशावळ मांडायची, हे तिचं काम. तळहाताएवढ्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे. पंचाण्णवांत माणसांचे नमुने आणि शेवटच्यात नुसतं पाणी. त्या पाण्यात काही म्हणजे काही सापडता कामा नये. सापडलंच, तर कुठेतरी थेंब उडाला असं धरायचं आणि अख्खी प्लेट बाद करायची. निकाल आला की बाकीचे नव्या रूपावर तुटून पडत; ही आधी पाणी बघे. ते स्वच्छ निघेपर्यंत चहालाही हात लावत नसे.

घरीही याची चेष्टा व्हायची. संध्याकाळी ती दारात पाऊल टाकते न टाकते तोच बाबा आतून विचारत, "काय गं, पाणी स्वच्छ होतं का?" बारा वर्षं रोज हाच एक विनोद. तिचं उत्तरही ठरलेलं, "होतं हो बाबा."

बाबांना जाऊन आता पाच आठवडे झाले होते. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून दर रविवारी धाकटा भाऊ त्यांची दाढी करून द्यायचा, अगदी श्वास गालाला लागेल इतक्या जवळून. तो औषधांची गाडी चालवायचा, दिवसभर दहा दारं फिरायचा. त्या रविवारी त्याचा घसा जरा खवखवत होता. बुधवारी दोघेही तापाने फणफणले. धाकटा उठला, बाबा उठले नाहीत. इस्पितळातून फोन आला तेव्हा आईच्या तोंडून निघून गेलं, "तूच आणलंस हे घरात."

एकदाच म्हणाली ती. पण तेव्हापासून धाकटा गच्चीवरच्या खोलीत जाऊन राहिला. त्याचं ताट पायरीवर ठेवायचं, अर्धंअधिक तसंच परत यायचं. दाढी त्याने स्वतःचीही केली नव्हती. आई जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची आणि तशीच मागे फिरायची. गेलेला शब्द परत कसा घ्यायचा, हे त्या माउलीला सुचत नव्हतं. दोघांकडे बघून मुलीचा जीव तीळतीळ तुटायचा.

अशात इस्पितळाचे जुने नमुने वाचायला आले आणि त्या यादीत तिला ते दोन क्रमांक दिसले. नमुन्यांवर नावं नसतात, पण घरच्या रिपोर्टांवरचे हे आकडे तिला पाठ होते. खरं तर नियमाने तिने बाजूला व्हायला हवं होतं. नाही झाली. प्लेट तिने स्वतःच भरली, आणि बाबांच्या नळीपाशी आल्यावर तिचा हात बाबांच्या हातासारखाच थरथरला.

निकाल गुरुवारी दुपारी आला. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने पाणी आधी पाहिलं नाही. धाकट्याचा विषाणू वंशावळीच्या एका फांदीवर होता, बाबांचा भलत्याच. दोघांत सतरा बदलांचा फरक. म्हणजे भावाकडून बाबांकडे तो गेलाच नव्हता. ती खुर्चीतच रडली. मग डोळे पुसून तिने सवयीने शेवटच्या खळग्याचा निकाल उघडला.

पाणी स्वच्छ नव्हतं. त्यात विषाणू होता, आणि तोही नेमका बाबांच्या खळग्यात सापडला तोच. बाबांच्या शेजारच्या नमुन्यातही हेच रूप होतं. त्या शेजारच्या नमुन्याचाच थेंब दोन्हीकडे उडाला असेल, तर बाबांचं म्हणून वाचलं ते बाबांचं नव्हतंच. पुन्हा करून बघावं, तर बाबांचा नमुना मुळातच थोडा, तो संपून गेला होता. तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं, प्लेट बाद.

त्या संध्याकाळी ती थेट गच्चीवर गेली. धाकटा खाटेवर बसला होता. जिना चढताना ठरवलेलं तिने एका दमात सांगून टाकलं, की दोघांचे विषाणू वेगळे निघाले, बाबांना दुसरीकडूनच लागण झाली, तू काही आणलं नाहीस. त्याने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग बाबांच्याच सुरात त्याने विचारलं, "काय गं, पाणी स्वच्छ होतं का?"

बारा वर्षं ज्याचं उत्तर जिभेवर असायचं, त्या प्रश्नापुढे ती अडखळली. क्षणभरच.

"होतं," ती म्हणाली.

धाकट्याने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. तो उठला, शर्टाची बटणं लावली आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा खाली जायला निघाला. दाराशी मात्र थांबला.

"चल, आईला सांगू. पण ताई, तिच्यापुढे अशी थांबू नकोस."

खाली आई भांडी पुसत होती. सगळं ऐकेपर्यंत तिच्या हातातलं फडकं हललं नाही. मग तिनेही तेच विचारलं, या घरात दुसरं काय विचारणार.

"होतं गं आई," ती म्हणाली, आणि या वेळी थांबली नाही.

आईने धाकट्याचा दाढी वाढलेला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ती ढसाढसा रडली. तो तिला थोपटत राहिला, आणि तिच्या खांद्यावरून बहिणीकडे बघत राहिला.