दोन्हीकडे पोट

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज गोड लागला की लोक व्हॉल्व्हचं कौतुक करतात, ट्रान्सफॉर्मरचं करतात, वाजवणाऱ्याच्या बोटांचं करतात. ज्या पत्र्यावर हा सगळा संसार मांडलेला असतो त्या चासीचं नाव कुणी घेत नाही. पत्रेवाल्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. वाईट वाटायचं ते त्याच्या धाकट्या भावाला.

गल्लीत दोघांची खरी नावं कुणाला ठाऊक नव्हती. थोरला पत्रेवाला आणि धाकटा तारवाला, बस्स. थोरल्यानं पत्रा निवडायचा, कापायचा, भोकं पाडायची, कडा दुमडून पेटी करायची. धाकट्यानं त्या पेटीत तारा ओढून कथलाचे डाग द्यायचे. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून दोन टेबलं, अशी चाळीस वर्षं गेली. वहिनी होती तोवर मधल्या फटीतून चहा यायचा. ती गेल्यावर तारवालाच चहा करू लागला आणि दादा रोज न चुकता म्हणू लागला, की यापेक्षा डाग द्यायचं पाणी बरं.

पत्रा निवडायला दादाबरोबर जाणं म्हणजे अर्ध्या दिवसाची शिक्षा. लोखंडाकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. अ‍ॅल्युमिनियमच हवं, तेही फार कडक नको, दुमडताना चिरतं. फार मऊ नको, ट्रान्सफॉर्मरच्या वजनानं पोट सुटतं. एकेक पत्रा उचलायचा, कोपरा अंगठ्यानं दाबायचा, टिचकी मारून कान लावायचा. दुकानदार म्हणायचा, पत्रेवाले, मुलगी बघायला आलात का? दादा म्हणायचा, मुलगी मी दहा मिनिटांत पसंत केली होती, पत्र्याला वेळ लागतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. चासीला पाठ असते आणि पोट असतं. पाठीवर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर उभे राहतात, पोटात तारा. पण पत्रा सपाट असतो तोवर दोन्ही बाजू सारख्याच, भोकं आरपार. कडा पोटाकडे दुमडायच्या. चुकून पाठीकडे दुमडल्या की डाव्याचं उजवं झालं, म्हणजे जिथे गिटारची पिन लागायची तिथे विजेची वायर येणार. आणि अ‍ॅल्युमिनियमला एकदा घडी पडली की पडली. सरळ करायला जावं तर ते चिरतं. म्हणून दादा आतल्या बाजूला कोपऱ्यात काळ्या शाईनं लिहायचा, ‘पोट’. चाळीस वर्षांत एकही चासी उलटी झाली नव्हती.

गेल्या वर्षभरात दोन झाल्या.

डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं आणि हळूहळू वाढत जाईल असंही सांगितलं. तारवाल्यानं त्यातलं अर्धंच ऐकून घेतलं. दोन्ही उलट्या चासी त्यानं कपाटामागे सरकवल्या आणि परगावी राहणाऱ्या पुतणीला फोनवर सांगितलं, तुझे बाबा एकदम ठणठणीत आहेत, परवाच काय सुरेख काम केलं म्हणून सांगू. मग एकदा गॅस रात्रभर चालू राहिला, एकदा दादा शेजाऱ्याच्या घरात शिरून माझं टेबल कुठाय म्हणून भांडला, आणि ते शेजाऱ्यांनीच पुतणीला कळवलं. ती म्हणाली, काका, अशा पेशंटांची एक संस्था आहे, मी जागा बघून ठेवलीय. शनिवारी येते.

 लग्नाच्या भानगडीत तारवाला कधी पडला नव्हता, दादा गेला तर त्या खोलीत त्याला बोलायला भिंती उरणार होत्या. त्यानं पुतणीची विनवणी केली. तुझ्या डोळ्यांसमोर दादा एक चासी पुरी करेल. नीट झाली तर तो इथेच राहील, जबाबदारी माझी. बिघडली तर मी अडवणार नाही. शेवटी ती म्हणाली, ठीक आहे काका, एक चासी.

शुक्रवारी दादा काय झकास लागला होता! पत्रा काटकोनाच्या गुण्याला लावून कापला. भोकांचा आराखडा काढलेला कागद चिकटवला, सेंटर पंचनं खुणा केल्या, रॉकेलचा थेंब सोडत एकेक भोक पाडलं, कानशीनं कडा मऊ केल्या. एकही चूक नाही. मग कागद सोलून टेबलावर टाकला, रॉकेलच्या बोळ्यानं पत्रा स्वच्छ पुसला आणि पडायला गेला. दुमडणं शनिवारवर ठेवलं.

तारवाला मात्र स्वस्थ बसेल तर ना. दिवेलागणीला त्यानं पत्रा उचलून दोन्हीकडून पाहिला. ‘पोट’ कुठेच नव्हतं. विसरलाच की! उद्या पुतणीसमोर हा पत्रा फिरवत उभा राहील आणि सगळं मुसळ केरात जाईल. टेबलावर कागद पडला होता. त्याच्याशी भोकं जुळवून तारवाल्यानं आतली बाजू ठरवली आणि तिथे कोपऱ्यात काळ्या शाईनं, दादाच्या वळणाचं, ‘पोट’ लिहिलं. मग निश्चिंत मनानं जेवला.

शनिवारी पुतणी आली. झाडू शोधताना कपाटामागच्या दोन चासी तिला सापडल्या. तिनं त्या काढून भिंतीशी ठेवल्या आणि काकांकडे पाहिलं. तारवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादानं टेबलाच्या शेगड्यात, त्या लोखंडी पकडीत, पट्ट्या आवळल्या, पत्रा हातात घेतला. अंगठा एका कोपऱ्यावरून फिरवला आणि मान हलवली. मग पत्रा उलटा केला आणि तो तसाच उभा राहिला. पुन्हा फिरवला, पुन्हा अंगठा लावला, पुन्हा उलटा केला. मिनिटभर हेच. पुतणी स्टुलावरून बघत होती.

तारवाल्याला राहवलं नाही. सहज बोलल्यासारखं तो म्हणाला, “काळ्या शाईनं लिहिलंय की दादा, दिसतंय ना?”

“दिसतंय,” दादा म्हणाला. त्यानं काळं अक्षर आत घेतलं आणि लाकडी हातोडीनं बेतशीर ठोके देत चारही कडा दुमडल्या. कोपरे असे जुळले, की नख शिरणार नाही. पुतणीचा चेहरा सैल पडला. ती उठून म्हणाली, बाबा, किती सुंदर झालीय. तारवाल्याला आनंदानं रडू यायचं बाकी होतं.

दादानं ट्रान्सफॉर्मर उचलून पाठीवर ठेवला. मग खाली ठेवला.

“उलटी झाली,” तो म्हणाला.

त्यानं चासी खिडकीकडे तिरकी धरली. बाहेरच्या बाजूला, कोपऱ्यात, सुईनं कोरलेली केसासारखी बारीक अक्षरं चमकली. पोट. उजेड तिरपा पडला तरच दिसावीत अशी.

“हल्ली मी सुईनं कोरतो,” दादा सावकाश म्हणाला. “शाई रॉकेलनं पुसली जाते, त्या दोन चासी त्यानंच गेल्या. कोरलेलं मला आठवतंय, काल दुपारी कोरलं. हे काळं कधी लिहिलं ते काही केल्या आठवत नाही.”

 टेबलावरचा तो कागद तारवाल्यानं झडप घालून उचलला. कागद दादाचा होता, पाठीकडून काढलेला. तारा ओढणारा माणूस जन्मभर पोटाकडून बघतो. अंधुक उजेडात त्याला तो आपलाच, पोटाकडून काढलेला तारांचा कागद वाटला होता.

“दादा, ते मी लिहिलं,” तो म्हणाला. “काल संध्याकाळी. तुझी काही चूक नाही. तुझं बरोबर होतं.”

दादा हसला. लहान भावाकडे मोठा भाऊ हसतो तसा, फार मायेनं. “शाळेत काच मी फोडली तेव्हाही तूच पुढे झाला होतास,” तो म्हणाला.

तारवाला पुतणीकडे वळला. त्यानं कागदाची उलटसुलट बाजू समजावली, सुई दाखवली, शाईचा पेन दाखवला, आईची शपथ घेतली. तिचे डोळे भरले होते, पण ते त्याच्या कीव येण्याजोग्या धडपडीमुळे. ती भिंतीशी ठेवलेल्या दोन चासींकडे पाहून म्हणाली, “काका, वर्षभर तुम्ही हेच करताय. आता पुरे.”

मग त्यानं शेवटचा उपाय केला. टेबलावरचा एक कातरलेला तुकडा ओढला आणि तिच्यासमोर काळ्या शाईत लिहिलं, पोट. घे, म्हणाला, लाव शेजारी, बघ अक्षर माझंच आहे.

तिनं तुकडा चासीच्या आतल्या अक्षराला लावून पाहिला. हुबेहूब. मग चासी फिरवून दादानं कोरलेल्या अक्षराला लावला. तेही हुबेहूब. तोच पोटफोड्या ‘प’, तीच काना-मात्रा उजवीकडे झुकलेली, तोच शेपटी वळवलेला ‘ट’. तिनं तुकडा हळूच टेबलावर ठेवला.

दादानं तो उचलून डोळ्यांजवळ नेला.

“आई याला माझ्या ताब्यात द्यायची,” तो लेकीला कौतुकानं म्हणाला. “पाटीवर माझं अक्षर गिरवून गिरवून शिकलाय हा.” आणि तुकडा खिशात घालून, लेकीबरोबर निघायला, तो दाराशी चपला शोधू लागला.