मेंबरची ट्रंक

मुंबईच्या असेंब्लीत वेठबिगारीविरुद्ध घसा कोरडा होईस्तोवर भांडून मेंबर लडकूभाऊ मुरबाडला परतले. तिथून म्हसा गावाच्या वाटेवर त्यांच्याच वाडीतल्या बुधूने सवयीने त्यांची ट्रंक उचलली. साहेब आला की त्याचं ओझं फुकट वाहायचं, हीच तिथली रीत. लडकूभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ट्रंक हिसकावून स्वतःच्याच डोक्यावर चढवली आणि ते ताडताड चालू लागले. मान अवघडली होती, पण छाती फुगली होती. आता बघू दे सगळ्या वाडीला!

वाडीत शिरताच म्हातारी ठमी पुढे आली. डोक्यावरची ट्रंक पाहून तिचे डोळेच भरले.

"काढला का रे तुला मेंबरीतून?" ती कळवळून म्हणाली. "नाय तर नाय. ये, भाकर खा."