माणिकबाईचे डोळे

“डोळे उघडून द्या काका,” दीपमाला म्हणाली आणि हातातली भलीमोठी चौकट तिनं माझ्या टेबलावर आडवी ठेवली. “रविवारी आईचं वर्षाचं पुण्यानुमोदन हाये. भिंतीवर लावाले दुसरा फोटोच नाई.”

अकोटात लोक माझ्याकडं याच कामाला येतात. पूर्वी माणूस जिवंतपणी फोटो काढायचा नाही आणि मेल्यावर घरच्यांना आठवण व्हायची. मग मला बोलावणं यायचं. मयताचा फोटो काढायचा आणि दुकानात येऊन बारीक ब्रशनं मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवायचे. भिंतीवरच्या माणसानं घराकडं पाहिलं पाहिजे ना! आता कॉम्प्युटरवर कोणाचेही डोळे कोणालाही चिकटवतात. एका सासूबाईंना सिनेमातल्या नटीचे डोळे आलेले मी पाहिले आहेत. ज्यांना आपल्याच माणसाचे डोळे पाहिजेत, ते अजून माझी पायरी चढतात. चाळीस वर्षांत मी तीनेकशे जणांचे डोळे उघडले. म्हणून काही बाया दुकानावरून जाताना लेकराचं तोंड पदराखाली घेतात. घेऊ द्या.

ही चौकट मात्र मी आधी पाहिली होती. गेल्या महिन्यात खास तिच्यासाठी सकाळच्या एसटीनं अमरावतीच्या फोटो प्रदर्शनाला गेलो होतो. फोटो कुलदीपनं काढलेला. कुलदीप म्हणजे दीपमालाचा मावसभाऊ. कॉलेजात असताना दोन वर्षं माझ्याकडं शिकला, मग अमरावतीचा झाला. त्याला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा माझीच छाती फुगली. दुपारची ओसरी, बाजेवर निजलेली माणिकबाई, आणि बांबूच्या तट्ट्यातून आलेला उजेड अंगावर पट्टे पट्टे होऊन पडलेला. खाली ‘विसावा’ असं लिहिलं होतं, त्याखाली कुलदीपचं नाव. परीक्षक भाषणात म्हणाले, ही शांतता पकडता येणं हीच कला.

“कारे, मावशीचं नाव कोठी हाये?” मी कुलदीपला विचारलं होतं.

तो हसला. “नाव टाकलं की थो घरचा फोटो होते काका. नाव काढलं की फाइन आर्ट.”

मोठ्या लोकांची मोठी रीत, म्हटलं, आणि त्यांचा चहा पिऊन परत आलो. प्रदर्शन संपल्यावर कुलदीपनं ती चौकट दीपमालाला दिली.

“हा फोटो काढला त्याच दिवशी गेली आई,” दीपमाला काचेवरून हात फिरवत म्हणाली. “कुलदीप दुपारी आला, फोटो काढून गेला. म्हने, मावशी झोपली होती, उठवलं नाई. मी संध्याकाळी हापिसातून आली तं आई गार पडेल. झोपेतच गेली म्हनले डाक्टर. जवळ कोणी नोतं काका. एक घोट पानी पाजाले कोणी नोतं. वर्ष झालं, मले थेच खाते.”

“तू काय करशीन पोरी,” मी म्हणालो. “शनिवारी ये.”

जाता जाता ती वळली. “आन् डोळ्यापाशी तीळ दिसून राहिला, थो काढजा. आईले तीळ नोता.”

दुसऱ्या दिवशी फोटो चौकटीतून काढला आणि तिळावर भिंग धरलं. तो तीळ नव्हता. माशी होती.

माशी बसली म्हणून काय झालं? उन्हाळ्यात निजलेल्या माणसाच्या तोंडावर माशा बसतातच. पण ही बसली होती डोळ्याच्या फटीवर, आणि पापणी हललेली नव्हती. मी भिंग खाली-वर केलं. निजलेल्या माणसाची पापणी मिटलेली असते, मेलेल्याची नुसती पडलेली असते. हा फरक मला कोणी शिकवायला नको. अमरावतीला एवढी शिकलेली माणसं त्या शांततेपुढं उभी होती, मीही होतो, आणि एकालाही तो दिसला नव्हता. मी ब्रश पाण्यात टाकून दिला आणि कुलदीपला फोन लावला. त्या दिवशीचे सगळे फोटो घेऊन ये, एवढंच सांगितलं.

शुक्रवारी तो आला, खुशीत होता. “जयभीम काका! फोटोची दुसरी कॉपी आता दिल्लीले जाऊन राहिली. डोळे काढू नका बरं याच्यावर, कॅलेंडर होईन त्याचं.”

“फोटो दाखव.”

त्यानं लॅपटॉप उघडला. अडतीस फोटो होते, प्रत्येकाखाली वेळ होती. पहिला दोन वाजून पाच मिनिटांचा. माणिकबाईनं छातीवरचा पदर मुठीत घट्ट धरलेला. कपाळावर घाम होता, तो उजेडात चमकत होता. बाराव्या फोटोत मूठ ढिली झाली. एकोणिसाव्यात हात बाजेखाली लोंबत होता आणि तोंड थोडं उघडलेलं होतं. त्यानंतर काहीच हललं नाही, फक्त उजेडाचे पट्टे सरकत गेले. शेवटच्या पाचांत माशी होती. बक्षीस मिळालं ते सदतिसाव्याला.

मी बाराव्या फोटोवर परत गेलो आणि त्या मुठीवर बोट ठेवलं.

“मले वाटलं कूस बदलून राहिली,” तो म्हणाला.

“मूठ सुटली तवा?”

“उजेड सरकून राहिला होता काका. मी उजेड पाहून राहिलो होतो.”

“एक डाव हाक मारली का तू तिले?”

“हाक मारली असती तं हालली असती.”

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं असावं. त्यानं लॅपटॉप मिटला. “मले माहीत नोतं काका. खरंच माहीत नोतं. दीपाताईले सांगू नका, थे मरून जाईन. आन् तुमीच तं शिकवलं होतं मले. फोटो होतवर समोरच्याले हालू द्याचं नाई.”

शिकवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. तो गेल्यावर मला त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त आला.

रात्रभर विचार केला. सांगितलं तर भाऊ म्हणून तिला हा एकच, तोही जाणार. नाही सांगितलं तर आपण जवळ नव्हतो म्हणून ती जन्मभर स्वतःला खात राहणार. शेवटी ठरवलं की आपण रंगारी माणूस, आपण डोळे काढून द्यावेत आणि गप्प बसावं. सकाळी आधी माशी पुसली. मग बुबुळं घेतली. माझी पद्धत अशी, की नजर जरा खाली ठेवायची, म्हणजे घरात बसलेल्या माणसांवर ती पडते. तशी ठेवून पाहिली. जमेना. तो चेहरा खाली पाहायलाच तयार नव्हता. दोनदा ओल्या कापसानं पुसलं. तिसऱ्यांदा हात जाईल तसा जाऊ दिला आणि मागं सरकून पाहिलं, तर मलाच उठून उभं राहावंसं वाटलं.

दुपारी दीपमाला आली. तिनं फोटो दोन्ही हातांत धरला, लांब केला, जवळ आणला.

“डोळे आईचेच हायेत,” ती म्हणाली. मग तिनं फोटो उजेडाकडं फिरवला. “काका, आई कोणाले तरी बलावून राहिली.”

मी ब्रश पुसत राहिलो.

“समोर पाहून राहिली थे. कोन होतं समोर?”

खोटं बोलायचं होतं, तर तीच वेळ होती. मी ब्रश खाली ठेवला.

“समोर तं कुलदीप होता,” ती हळू म्हणाली. मला विचारत नव्हती. “आई जागी होती, काका?”

“हो,” मी म्हणालो.

“किती वाजले होते?”

“दोन वाजून पाच मिनिटं. मंग अर्धा-पाऊन तास थो फोटो काढत राहिला.”

ती रडली नाही. पासपोर्टचे फोटो काढायचं स्टूल पांढऱ्या पडद्यापुढं होतं, त्यावर जाऊन बसली. फोटो मांडीवर उलटा ठेवला आणि समोर पाहत राहिली, ताठ, जराही न हलता. मी तिला हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली.