विषवालीचे डोळे

जुने काळे-पांढरे फोटो रंगवणं हा माझा धंदा. साध्यासुध्या माणसांचे नाहीत हं! गायब झालेले भोंदू, पकडले गेलेले हेर, खटल्यात अडकलेल्या बाया. रंगवून इंटरनेटवर टाकतो आणि प्रत्येक फोटोखाली 'सखोल संशोधनानंतर' असं ठोकून देतो. संशोधन म्हणजे काय, तर बायको मागून म्हणते, "जांभळा नको, भडक दिसतोय," आणि मी निमूट तपकिरी लावतो.

'विषवाली' माझी सगळ्यात गाजलेली. नवऱ्याला विष घातल्याचा आरोप होता. सिद्ध काहीच झालं नाही, खटला चालू असतानाच ती तुरुंगात वारली. आता राखाडी फोटोवरून डोळ्यांचा रंग ब्रह्मदेवालाही सांगता यायचा नाही. मी हिरवा घातला, चांगला मांजरीसारखा. लाखभर लोकांनी तो फोटो मोबाइलवर उतरवून घेतला आणि मी आठवडाभर घरात कॉलर ताठ करून फिरलो.

मग एका सकाळी ऐंशीच्या घरातले एक आजोबा माझ्या दुकानात आले. मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ही माझी आई. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. चेहरा आठवत नाही. डोळे खरंच असे होते?"

"त्याचं असं आहे, संशोधन..." मी नेहमीची टेप लावली.

"जन्मभर मी लोकांशी भांडलो, की तिने काही केलं नाही. तुमचा फोटो बघितला आणि पहिल्यांदा मलाच वाटलं, केलं असेल."

"आजोबा, तो रंग मी मनानेच लावला. ती दुष्ट दिसावी म्हणून." लाज वाटली, भयंकर लाज वाटली. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते स्टुलावर बसले.

"मग खरे कसे असतील?"

"मला माहीत नाही." हे वाक्य या दुकानात मी पहिल्यांदाच उच्चारलं. शेवटी त्यांनाच खिडकीपाशी बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांचा रंग बघून तिला लावला. "हाही अंदाजच हं," असं दोनदा बजावलं. पडद्यावर पंचविशीतली एक थकलेली, साधी बाई दिसायला लागली.

"माझ्या नातीएवढी आहे हो," ते म्हणाले. बराच वेळ बघत राहिले. "आता तो पहिला पुसून टाका."

माझ्याकडचा मी लगेच पुसला. पण लाखभर लोकांच्या मोबाइलमधला माझ्या हातात नाही, हे सांगताना मी उगाचच खुर्चीतून उठून उभा राहिलो.

आजोबांनी मान डोलावली आणि स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला.

"मग निदान माझ्यातला तरी काढा. मला जमत नाहीये."