टॉवेलापुरती फुला

त्या घरात गप्प बसणं हा गुन्हा होता. घरात म्हणजे मागच्या लांबट खोलीत. तिथे पत्रा ठोकलेल्या टेबलाभोवती बसून काजू निवडायचे. अख्खे एका परातीत, पाकळी दुसरीत, तुकडा तिसरीत आणि उरलेला चुरा चौथीत. अख्खे काजू परातीतच खारवून डब्यात भरायचे, पाकळीला मिरी लागायची आणि तुकड्या-चुऱ्याची वडी व्हायची. आणि हे सगळं होत असताना टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं अखंड बोलत राहायचं, असा सासूबाईंचा नियम होता.

"हात चालू, तोंड चालू," त्या बजावायच्या. "बोलतोय तो खात नाही. गप्प बसलाय त्याच्या तोंडात माझा काजू आहे."

काय बोलायचं याचं बंधन नव्हतं. दुसऱ्याचं ऐकायचं तर मुळीच नव्हतं. आत्या, म्हणजे सासऱ्यांची बहीण, गुडघ्यांची हकीकत सांगायची. डाव्याची वेगळी, उजव्याची वेगळी. सासूबाई गिऱ्हाइकांचा उद्धार करायच्या. सासरे तरुणपणी केलेल्या प्रवासाच्या गोष्टी सांगायचे. तिघंही एकाच वेळी, एकाच पट्टीत. रस्त्यावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटावं, आत वाटण्या चालल्यात. घरातला मुलगा या कलकलाटाला कंटाळून कधीच भट्टीवर पळाला होता. तिथे काजू भाजायचं पिंप गरागरा फिरायचं आणि त्याचा खडखडाट आईच्या आवाजापेक्षा मोठा होता. जगात अशी एक जागा आहे, याबद्दल तो रोज देवाचे आभार मानायचा.

आणि अशा घरात सून आली, ती नेमकी घड्याळजीची मुलगी!

आता घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरात काय असतं? टेबलावर मोहरीपेक्षा बारीक स्क्रू पसरलेले. कोणी शिंकलं, हसलं, नुसतं जोरात "हो" म्हटलं, तरी एखादा उडून जायचा आणि मग अख्खं घर जमिनीवर रांगत बसायचं. त्यामुळे तिच्या माहेरी सगळे मानेनं बोलायचे. आणखी वाढू का? मान. पुरे? मान. मुलगा पसंत आहे का, हेसुद्धा बापानं तिला मानेनंच विचारलं होतं आणि तिनं मानेनंच सांगितलं होतं. जिभेला सवय अशी नव्हतीच. कान मात्र असे तयार झाले होते, की बंद पडलेलं घड्याळ हलवून कुठलं चाक अडतंय ते ती सांगायची.

पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "बोल."

"काय बोलू, आई?"

"काहीही बोल गं. कोण ऐकतंय?"

सुनेनं बराच विचार केला आणि पाढे सुरू केले. बारापर्यंत झकास झालं. सतराच्या पाढ्यात ती अडखळली, आणि ती थांबली तशी सासूबाईंची नजर तिच्या गालांवर गेली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "गुणगुणलं तर चालेल?"

"गुणगुणताना ओठ मिटलेले असतात. नाही चालणार."

तरी बाकी सगळं बरं चाललं होतं. वडीचा पाक बघायला सासूबाईंनी एकदा तिला बोलावलं, तेव्हा तिनं दोन बोटांत थेंब धरून अशी नाजूक तार काढली, की सासूबाईंचं बोलणंच थांबलं. त्या घरात ही काही साधी गोष्ट नव्हती. त्या घरात वडीचा लाकडी कालथा एका खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्याला सासूबाईंखेरीज कोणाचा हात लागत नसे. आत्यानं वाट पाहून पाहून आशा सोडली होती. सासऱ्यांना एकदा दिला होता, तर त्यांनी वडी बुडाला लावली होती. आणि सुनेला सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या मोठ्या ऑर्डरला कालथा तुझ्या हातात." त्या रात्री सुनेला आनंदानं झोप आली नाही. पाकाचं घट्ट होत जाणं, कडा सुटणं, मऊ गोळा कालथ्याबरोबर फिरणं, हे तिला घड्याळ चालू होण्यासारखं वाटायचं. तिला तेच काम हवं होतं.

पण काजू कमी भरायला लागले.

तसे ते आधीही थोडे कमी भरायचेच, पण सासूबाई ते उंदरांच्या नावावर टाकायच्या. आता घरात गप्प बसणारं माणूस आलं होतं, मग उंदरांना कोण विचारतंय? आत्या म्हणाली, "वहिनी, मी काही बोलत नाही," आणि त्यावर पुष्कळ बोलली. सासऱ्यांनी तर कमाल केली. पांढऱ्याशुभ्र मिशा सावरत ते गरजले, "नियम म्हणजे नियम! बोलायलाच पाहिजे! मी बघा, थांबतो का कधी?"

सासूबाई म्हणाल्या, "हे बघ सूनबाई, मला कोणावर आळ घ्यायचा नाही. पण शनिवारी पुन्हा घट आली, तर तू पुढच्या खोलीत लेबलं चिकटवायला बसायचं. आणि कालथ्याचं नाव काढायचं नाही."

सुनेचा चेहरा एवढासा झाला. ती भट्टीवर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "मी नाही हो खाल्ले!"

"काय?" पिंपाच्या खडखडाटात तो ओरडला. "खायला? नको, मी जेवलोय!"

झालं. नवरा हा असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून सासऱ्यांची हाक आली, "फुला! अगं फुला! टॉवेल राहिला!"

फुला हे सासूबाईंचं लाडाचं नाव. टॉवेल घेऊन निघालेल्या सासूबाई सुनेपाशी थांबल्या आणि धुसफुसल्या, "बघितलंस? टॉवेलापुरती फुला. एकदा अंग पुसून झालं, की दिवसभर 'अगं ए'. लग्न झालं तेव्हा उठता-बसता फुला-फुला चालायचं. आता काय, म्हातारी झाले ना मी." आणि टॉवेल दारातून असा फेकला, की आत बादली पालथी झाल्याचा आवाज आला.

सून हे ऐकून कामाला बसली आणि सवयीनं कान लावला. टेबलाभोवती तिघांची गिरणी सुरू झाली होती. आत्या डाव्या गुडघ्यावर होती. सासरे कुठल्याशा प्रवासावर होते. "गाडी आली, थांबली, मी उतरलो त्या... त्या... गाडी थांबते ना, त्या ओट्यावर!"

फलाट म्हणायचं सोडून हे ओटा काय म्हणतात? सुनेनं मान वर केली.

"तिथे एक माणूस, पांढरा सदरा, हातात एक ते, झाडाला येतं ते, गोड असतं ते!"

फळ. सुनेचे हात चालत राहिले, पण कान आता सासऱ्यांच्या तोंडाशी चिकटले. काहीतरी अडत होतं. कुठलं चाक अडतंय ते कळत नव्हतं, पण अडत होतं. इतक्यात दारात गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "काय काका, नफा होतो ना?"

"तोटा होत नाही!" सासरे म्हणाले.

सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फ! सासऱ्यांच्या तोंडून फ बाहेर पडत नव्हता!

खात्री करायची म्हणून तिनं दुपारी एक लांब फळी उचलली आणि सासऱ्यांपुढे उभी राहिली. "बाबा, ही कुठे ठेवू?"

"ती लाकडाची लांबडी? ठेव कोपऱ्यात."

"आणि हे?" तिनं फडकं दाखवलं.

"ते पुसायचं का? दे इकडे."

"मघाशी काय वाजलं हो, बाबा?"

"ते... ट्रिंग ट्रिंग," सासरे फोनकडे हात करत म्हणाले आणि घाईघाईनं पुन्हा प्रवासाला निघाले.

रात्री आपल्या खोलीत गेल्यावर सुनेनं दार लावून घेतलं, एक काजू तोंडात धरला, दाढेखाली त्याची भुकटी होऊ दिली आणि आरशासमोर उभं राहून सगळी मुळाक्षरं म्हटली. क, ख, ग सुखरूप गेले. ट, ठ गेले. त, थ गेले. प गेला. आणि फ म्हणताच आरसा पांढरा झाला.

म्हणजे गेली कित्येक वर्षं सासरे सगळ्यात जास्त बोलत होते आणि सगळ्यात जास्त खात होते! अख्खा काजू गालात सारायचा, दाढेखाली त्याची भुकटी करायची, ती हळूहळू चघळायची आणि वर प्रवास सांगायचा. एखादा कण उडालाच तर पांढऱ्या मिशीत दिसतो कोणाला? ज्या टेबलाशी सगळे बोलतात आणि कोणीच ऐकत नाही, तिथे चोर पकडणार तरी कोण!

सुनेला राग आला. खूप आला. पण सासऱ्यांना चोर कसं म्हणायचं? तेही भर टेबलाशी? ते मनानं वाईट नव्हते, ती माहेरून आली तेव्हा पाढे ऐकून "वा!" म्हणणारे तेच होते. तिनं ठरवलं, बोलायचं नाही. शनिवार उजाडू दे, कदाचित काजू पुरे भरतील.

शनिवार उजाडला आणि काजू पुरे भरले नाहीत. नेमकी त्याच दिवशी एका मोठ्या हॉटेलची वडीची ऑर्डर आली होती. सासूबाईंनी तराजूचं पारडं बघितलं, सुनेकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, पण नियम त्यांचाच होता.

"ऊठ, सूनबाई. पुढच्या खोलीत जा. लेबलं टेबलावर ठेवलीत."

सून उठली. खिळ्यावरच्या कालथ्याकडे तिनं एकदा बघितलं. शेजारी सासरे अतिशय जोरात बोलत होते. "कोणी मुद्दाम करत नाही गं! वयच असतं ते! जाऊ दे, जाऊ दे!"

जाऊ दे? माफ कर म्हणता येत नाही म्हणून जाऊ दे?

"बाबा," सून म्हणाली. ती इतकी स्पष्ट बोलली, की आत्याचा गुडघा अर्ध्यावर राहिला. "माझी एकच विनंती आहे. आईंना हाक मारा ना."

"अगं ए!" सासऱ्यांनी ताबडतोब हाक मारली.

"तशी नाही. नावानं. सकाळी मारता ना, तशी."

खोली गप्प झाली. त्या खोलीत अशी शांतता कधी झालीच नव्हती. भट्टीवरून नवरा धावत आला, कारण एवढी शांतता म्हणजे घरात कोणीतरी गेलं असणार, असं त्याला वाटलं.

सासरे सुनेकडे बघत राहिले. त्यांना कळलं, की हिला कळलंय. आवंढा गिळायचा त्यांनी प्रयत्न केला, पण कोरडी भुकटी अशी हुकमावर खाली जाते थोडीच! अजून वाट होती. ठसका लागल्याचं सोंग करून बाहेर पळता आलं असतं. त्यांनी दाराकडे नजर टाकली, आणि वाटेत सासूबाईंचा चेहरा आला.

सासूबाई खुर्चीत अर्धवट वळून बसल्या होत्या. चष्मा नीट केला होता. पदर उगाचच सारखा केला होता. तराजू, काजू, ऑर्डर सगळं विसरून त्या नुसती वाट बघत होत्या, आणि वाट बघतोय हे कोणाला दिसू नये म्हणून टेबलाच्या कडेवरची नसलेली साल नखानं काढत होत्या.

सासऱ्यांनी दाराकडचे डोळे मागे घेतले. छाती भरून श्वास घेतला.

"फुला!"

काजूचा असा धुरळा उडाला, की आत्यानं डोळे मिटले. सासूबाईंच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. भुवया पांढऱ्या झाल्या. सासूबाईंनी चष्मा काढला, काचेवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

"खारा," त्या म्हणाल्या. "अख्ख्यांच्या परातीतला."

"हो," सासरे म्हणाले. तोंड आता रिकामं झालं होतं.

"कधीपासून?"

"फार वर्षं झाली, फुला. फारच."

सासूबाई उभ्या राहिल्या. आता टेबल पालथं होणार, या हिशोबानं सुनेच्या नवऱ्यानं परात उचलून धरली. "म्हणजे," सासूबाई म्हणाल्या, "एवढी वर्षं मी 'अगं ए' होते, ते माझं वय झालं म्हणून नाही?"

"छे गं! तोंडात काजू असायचा."

"काजू! मेल्या काजूपायी मी आरशात बघायचं सोडलं!" आणि सासूबाई रडायला लागल्या. मध्येच हसल्या, पुन्हा रडल्या, आणि रडता रडता त्यांनी सासऱ्यांना असं काही झापलं, की आत्याला मधे एक शब्द घालायला जागा मिळेना. शेवटी त्या दमल्या, खिळ्यावरचा कालथा काढला आणि सुनेच्या हातात दिला.

"तू बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "एक तरी ऐकणारं माणूस पाहिजे इथे. मी वेडी उगाच तुला पाढे म्हणायला लावले."

लेबलं चिकटवायला पुढच्या खोलीत सासऱ्यांची रवानगी झाली. नियमही बदलला. त्यांनी थोड्या थोड्या वेळानं तिथून हाक मारायची, फ ऐकू आला पाहिजे.

हॉटेलच्या ऑर्डरचा पाक सुनेनं चढवला. काजूची पूड पडली, गोळा कडा सोडायला लागला, तिचा कालथा मजेत फिरत होता. पुढून "फुला!" आलं, की सासूबाई वर न बघता "ओ" म्हणायच्या. मग बराच वेळ काहीच आलं नाही. आणि मग जाडसर आवाजात हाक आली, "अगं ए!"

आत्या गप्प झाली. सासूबाई उठल्या. अख्ख्यांच्या परातीतून त्यांनी मूठभर काजू घेतले, बशीत घातले आणि पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"आधी तोंडातला संपवा," त्या म्हणाल्या. "मग नीट हाक मारा. मग हे खा."

सुनेनं कालथा क्षणभर थांबवला आणि कान लावला. मग समाधानानं मान हलवली. फ अगदी साफ होता.